टीओडी मीटरचा (टाईम ऑफ डे, म्हंजे वेळेपरमानं दर लावनारं मीटर) दर कोनत्या टायमाले बदलते भाऊ?

राम राम मंडळी, आमच्या घरी नवीन मीटर बसवलं, लावनारा म्हने टाईम पाहून लाईट वापरा सस्ती पडते, पन कोनता टाईम ते सांगितलंच नाई अन् गेला बी. मी आपला रात्री ११ नंतर मोटर लावतो, झोपेचं खोबरं. बिलात फरक काईच नाई!

↳ अरे बाप्पा, उलटं करून राह्यले तुम्ही! महावितरणची घरगुतीले सूट दिवसा हाय, सकाळी ९ ते संध्याकाळी ५, जुलै २०२५ पासून, युनिटमागं ८० पैसे ते १ रुपया. दिवसा सोलरची वीज जास्त येते म्हनून. रात्रीची सूट घरगुतीले नाई, कुठंतरी यूट्यूबवर पाह्यलं असंन.

↳ अन् मीटरमंदी खटका-बिटका काई पडत नाई, आतल्या घड्याळानं युनिट वेगवेगळ्या खात्यात जमा होते. लाईट गेली तरी घड्याळ बॅटरीवर चालू.

↳ १ एचपीची मोटर तासाले पाऊन ते एक युनिट खाते, म्हंजे तासाले फार तर रुपयाभर वाचते, पन झोप तर होईन ना.

↳ शेतीपंपाले हे लागू हाय का?

↳ नाई, शेतीपंपाले नाई.