पोटातली यीस्ट, स्टूल रिपोर्ट आणि 'सगळं बंद' डाएट. मग खायचं काय?

भांडुपची_मनू

नमस्कार मंडळी, जरा मोठं होणारे, सांभाळून घ्या.

रूट कॅनालच्या वेळी अँटिबायोटिकचा कोर्स झाला आणि तेव्हापासून पोट बिनसलंय ते बिनसलंयच. दुपारचा डबा खाल्ला की तासाभरात पोट टम्म, ऑफिसात सलवारीची नाडी सैल करून बसायची वेळ येते, कधी दोन दिवस काहीच नाही तर कधी सकाळी निघताना तीनदा पळापळ, आणि मग भांडुप ते सीएसएमटी जीव मुठीत धरून उभी. जिभेवर पांढरा थर पण आलाय. स्टूल टेस्ट केली त्यात 'यीस्ट सेल्स प्रेझेंट' असं आलंय. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, काही नाही म्हणाले, गॅसची गोळी दिली, झालं.

इन्स्टावर एका कोचबाईंना मेसेज केला तर त्या म्हणतात कॅन्डिडा वाढलाय, तीन महिने साखर, फळं, भात, पोळी, पाव, दही, इडली, डोसा, मशरूम सगळं बंद, आणि त्यांच्याकडची पावडर घ्यायची. किंमत सांगत नाही, हसाल. त्यांनी एक टेस्ट पण करायला सांगितली, सकाळी उठल्या उठल्या पाण्याच्या ग्लासात थुंकायचं आणि तार खाली सुटली की समजायचं कॅन्डिडा. माझी सुटली.

आता श्रावण तोंडावर, सासूबाईंचे सोमवार शनिवार, घरात साबुदाणा भिजतोय. मी खाऊ काय? दम्याचा पंप चालू आहे पावसाळ्यात, बाकी काही औषध नाही. वय ३८.

लॅबवाला_परळ

मनूताई, आधी तो ग्लास घासून ठेवा. थुंकी जड असली, घट्ट असली की तार सुटतेच, माझी पण सुटेल. त्या टेस्टला काडीचा अर्थ नाही.

आता रिपोर्ट. मी लॅबमध्ये आहे, हे वाक्य रोज टाइप होताना बघतो. कॅन्डिडा ही यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, बहुतेकांच्या आतड्यात थोडीफार असतेच, भाडं न देता राहते. त्यामुळे 'यीस्ट सेल्स प्रेझेंट' म्हणजे रोग असं होत नाही. त्यात अँटिबायोटिक झालेलं असेल तर जास्त दिसतात. आणि एक गंमत सांगतो, सॅम्पल सकाळी घेऊन पिशवीत टाकलं आणि ऑफिस सुटल्यावर लॅबला दिलं तर मधल्या वेळात डबीतच यीस्ट वाढलेली असते. तुम्ही किती वाजता दिलंत?

अँटिबायोटिकचं गणित असं की ते बॅक्टेरिया मारतं, यीस्ट मारत नाही. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली बाई, बाकीच्या तिघी घाटकोपरला उतरल्या की ऐसपैस पसरते ना, तसं. परत गर्दी झाली की ती आपोआप आवरून बसते. बहुतेकांच्या आतड्यातली बॅक्टेरियाची वस्ती काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत बरीचशी परत येते. त्यांना खायला घालायचं आणि ते खातात फायबर. आणि कोचबाई नेमकं धान्य, फळं बंद करायला सांगतायत!

जिभेचं वेगळं. पंप स्टेरॉइडचा असेल तर तोंडात खरोखर थ्रश, म्हणजे याच यीस्टचं इन्फेक्शन, होऊ शकतो, म्हणून पंप घेतल्यावर प्रत्येक वेळी चूळ भरून गुळण्या करून थुंकायचं. तो थर खरवडल्यावर खाली लाल, दुखरं दिसलं तर डॉक्टरला दाखवा, तोंडात लावायची साधी औषधं मिळतात. नुसता पांढुरका थर असेल तर तो बऱ्याचदा काहीच नसतो.

पार्ल्याची_सुगरण

मी जरा विरुद्ध बोलते हं. मी असंच डाएट केलं होतं आणि मला खरंच फरक पडला. पोट हलकं, चेहऱ्यावरची सूज गेली. त्यामुळे सगळंच थोतांड म्हणू नका.

लॅबवाला_परळ

थोतांड नाही म्हणत. पण तुम्ही सोडलं काय काय? बिस्किटं, खारी, पाव, फरसाण, कोल्ड्रिंक, गोड चहा. हे सोडल्यावर कुणालाही बरं वाटेल, त्याला यीस्ट कशाला मरायला हवी. शिवाय गहू, कांदा, लसूण यांतले काही घटक काही जणांना पचत नाहीत आणि गॅस करतात, दूध न पचणारे तर आपल्याकडे ढिगाने आहेत. फरक खरा, कारण वेगळं. १९९९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात निरोगी लोकांना मुद्दाम भरपूर साखर खायला दिली होती, तरी आतड्यातल्या कॅन्डिडामध्ये फारसा फरक दिसला नाही.

आणि पावातली यीस्ट वेगळी, कॅन्डिडा वेगळी. पावातली तर भट्टीतच मरते. इडलीचं पीठ मुख्यतः बॅक्टेरिया फुगवतात. ते बंद करायला सांगणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

शुगरवाले_काका

मुली, एक काम कर. उपाशीपोटीची शुगर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) करून घे. शुगर वाढलेली असली की ही बुरशीची दुखणी सारखी डोकं वर काढतात, मला जांघेत झालं होतं तेव्हाच डायबेटिस सापडला, तोवर मलम फासत बसलो होतो. वय ३८ म्हणजे लहान नाही हल्ली.

आणि वजन आपोआप उतरत असेल, शौचातून रक्त, संध्याकाळचा ताप, रात्री झोपेतून उठवणारं पोट, यातलं काही असेल तर डाएट बिएट सोड आणि पोटाच्या डॉक्टरकडे जा. आपल्याकडे आतड्याचा टीबी असतो हे लोक विसरतात. गहू बंद करायचाच असेल तर आधी सिलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) रक्ततपासणी, गहू सोडल्यावर केली तर ती खोटी नॉर्मल येऊ शकते.

पार्ल्याची_सुगरण

बरं बाबा, मान्य, पण खायचं काय ते कुणी सांगतच नाहीये, मी सांगते.

सकाळी नाचणीचं आंबील, रात्री पीठ ताकात भिजवून सकाळी शिजवायचं, गार झाल्यावर वरून पुन्हा ताजं ताक. हे वरून घालणं महत्त्वाचं, कारण शिजवलं की ताकातले जिवाणू गेले. म्हणूनच कढी कितीही आवडली तरी प्रोबायोटिक म्हणून तिचा उपयोग शून्य. डब्यात ज्वारीची भाकरी, दुधी नाहीतर पडवळ नाहीतर लाल माठ, आणि मुगाची पातळ उसळ. राजमा, छोले, वाटाणा सध्या नको. मूग, मसूर रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यायचं, हिंग जिरं सढळ. कच्च्या केळ्याची भाजी जरूर कर, त्यातला काही स्टार्च वरती न पचता खाली मोठ्या आतड्यातल्या बॅक्टेरियापर्यंत पोचतो. भात खा गं, वाटीभर भाताने कुणी मेलं नाही. मासे खात असाल तर बांगडा, श्रावणात नाही म्हणा. फळात पेरू, पपई.

पण सगळं एकदम सुरू करू नकोस!! फायबर अचानक वाढवलं की पोट आणखी फुगतं आणि मग तू म्हणशील सुगरणीने मारलं. आधी एक वाटी भाजी वाढव, आठवड्याने उसळ. पाणी भरपूर.

साखरेचं मात्र मी ऐकणार नाही. ऑफिसात चार चहा, प्रत्येकात दोन चमचे, झाली ना पस्तीस चाळीस ग्रॅम. डब्ल्यूएचओ म्हणतं वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. यीस्टसाठी नको तर नको, काकांच्या शुगरसाठी कमी कर.

आणि उपास! एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाण्यात स्टार्च सोडून काही नसतं, वर तूप, बटाटा, मग पोट फुगणारच. राजगिऱ्याची भाकरी, वरी, शेंगदाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक. सासूबाईंना सांग ही पण उपासाचीच यादी आहे, कुठे वाद घालतेस.

भांडुपची_मनू

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी. सॅम्पल सकाळी सातला घेतलं आणि संध्याकाळी घरी येताना दिलं 🤦‍♀️ पंपानंतर चूळ भरायची हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. शनिवारी शुगरची टेस्ट आणि डॉक्टर दोन्ही करते. पावडर घेत नाही. शेजारच्या वहिनी म्हणतायत केमिस्टकडून फ्लुकोनॅझोल, ती बुरशी मारायची गोळी, घे, एका गोळीत साफ, आणि सोबत अँटिबायोटिकवर देतात ती यीस्टवाली पुडी. घेऊ?

लॅबवाला_परळ

दोन्ही एकत्र तर अजिबात नको. त्या पुडीत सॅकरोमायसिस बुलार्डी असते, ती पण यीस्टच, चांगली. अँटिबायोटिक तिला मारत नाही म्हणून तर त्यासोबत देतात. पण फ्लुकोनॅझोल ती पण मारू शकतं, म्हणजे एका हाताने पेरा दुसऱ्याने उपटा. आणि फ्लुकोनॅझोल मनाने घ्यायचं औषध नाही, लिव्हरवर येऊ शकतं, बऱ्याच औषधांशी भांडतं. डॉक्टरने तोंड बघून थ्रश म्हटलं तर ते देतील काय द्यायचं ते.

भांडुपची_मनू

ओके ओके. शेवटचं, ऑफिसखाली ढोकळा मिळतो मस्त, आंबवलेला म्हणून चालेल ना?

पार्ल्याची_सुगरण

ठेल्यावरचा बहुतेक इनो घालून फुगवतात, आंबवत कोण बसतंय. आणि वरून साखरेचं पाणी. आवडतो म्हणून खा, औषध म्हणून नको. घरी तांदूळ डाळीचं पीठ रात्रभर आंबवून कर, रेसिपी हवी तर विपू (विचारपूस) कर.