जिनिंगच्या रिलेसाठी संगणकाला जोडता येणारे तपासणी किट कोणते घ्यावे?

कापूसगाडी (पांढरकवडा): गेल्या हंगामात आमच्या ११ केव्ही केबलमध्ये दोष झाला, तेव्हा आमचा रिले (दोष ओळखून वीज तोडायला लावणारे उपकरण) हललाच नाही आणि उपकेंद्रातील फीडर (वीज पुरवणारी वाहिनी) ट्रिप होऊन सारे गाव अंधारात गेले. याची आम्हाला लाज वाटते. कापूस येण्याआधी रिले आणि मल्टिफंक्शन मीटर (व्होल्टेज, प्रवाह, वीजवापर एकत्र मोजणारे) स्वतः तपासावे, असे ठरवले आहे. ६०,००० रुपयांपर्यंत काय मिळेल?

रोहित्र (हिंगणघाट): भाऊ, तीन फेजचेच घ्या. माझ्या किटचे सॉफ्टवेअर रिलेला दिलेला प्रवाह स्वतः वाढवते, ट्रिपचा संपर्क मिटताच वेळ थांबवते आणि आलेखावर बिंदू मांडते. स्टँडर्ड इन्व्हर्स वक्रावर (प्रवाह जितका जास्त, तितकी ट्रिपची वेळ कमी) टाइम मल्टिप्लायर, म्हणजे वेळेचा गुणक, १ असेल, तर सेटिंगच्या दुप्पट प्रवाहाला सुमारे १० सेकंद आणि दहापटीला सुमारे ३ सेकंद यायला हवेत. मला काही लाख लागले, पण समाधान आहे.

वर्धेकर: किट कोणतेही घ्या, पण भार चालू असताना सीटीची (मोठा प्रवाह लहान करून रिलेला देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरची) सेकंडरी, म्हणजे रिलेकडची बाजू, उघडू नका. माझ्या माणसाने शॉर्टिंग लिंक (सेकंडरीची टोके एकमेकांना जोडणारी पट्टी) न लावता तार काढली आणि टर्मिनल जळाले. तो वाचला, हे आमचे नशीब.

निवृत्त टेस्टिंग (अमरावती): रिलेची होते ती तपासणी, अंशशोधन (अधिक अचूक उपकरणाशी ताडून पाहणे) आधी तुमच्या किटचे व्हायला हवे, तेही एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून. शिवाय ०.५ वर्गाचे (सुमारे अर्धा टक्का चूक चालणारे) मीटर अशा किटवर जोखता येत नाही, त्यासाठी त्याहून बरेच अचूक संदर्भ मीटर लागते. वर्षातून एकदा बाहेरून तपासून घेणेच योग्य.

रोहित्र: माझ्या किटसोबत कारखान्याचे प्रमाणपत्र आले आहे.

निवृत्त टेस्टिंग: ते कोणत्या वर्षीचे आहे, तेवढे पाहून घ्या.

पुसदकर: सीटी शॉर्ट करणे विसरू नका, हे मीही सांगतो. मे महिन्यात टिनाच्या शेडखाली माझा लॅपटॉप दोनदा बंद पडला, म्हणून काम सकाळीच उरका.

वणीकर: किटच्या आधी सीटीची पाटी वाचा. आमच्याकडे ५०/५ ची (५० अँपिअरचे ५ अँपिअर करणारी) सीटी बदलून १००/५ ची बसवली गेली आणि रिलेची सेटिंग जुनीच राहिली, त्यामुळे रिले अपेक्षेच्या दुप्पट प्रवाहाला चालू होत होता. सेकंडरी इंजेक्शनमध्ये, म्हणजे अशा किटच्या तपासणीत, प्रवाह सीटीला वगळून थेट रिलेला दिला जातो, म्हणून संगणकाचा अहवाल निर्दोष येतो आणि ही चूक तशीच राहते.

कापूसगाडी: वणीकर दादा, आजच पाहिले: पाटीवर १००/५ आहे आणि आमच्या नोंदवहीत ५०/५. सर्वांचा सल्ला वाचूनही मी नागपूरहून एका फेजचे वापरलेले किट घेत आहे, कारण हंगामात रात्री बिघाड झाल्यास बाहेरचा माणूस मिळत नाही आणि आमच्या रिलेचे फेज एकेक करून तपासता येतात. किटचे अंशशोधन करून घेईन, मीटर मात्र प्रयोगशाळेत पाठवेन. नवी सेटिंग उपकेंद्राच्या अभियंत्यांना दाखवून, त्यांच्या फीडरच्या वेळेशी जुळवूनच भरणार आहे.