‘पुस्तकं काढायची’ : ही आज्ञा कोणाला?

प्रश्नकर्ती : प्राथमिक शिक्षकांसाठीच्या एका इंग्रजी मार्गदर्शिकेचा अनुवाद करताना वर्गातल्या सूचनांपाशी मी अडले आहे. एका मुलासाठी ‘पुस्तक उघड’ आणि वर्गासाठी ‘पुस्तके उघडा, शांत रहा’ असे मी लिहिले. पण आयुष्यभर पहिली-दुसरीला शिकवलेल्या माझ्या मावशीने ‘असं वर्गात कोण बोलतं?’ असे विचारून ते मोडीत काढले. तिच्या मते बाई ‘आता पुस्तकं काढायची, बोलायचं नाही’ असेच म्हणतात. हे रूप छापील अनुवादात चालेल का?

प्रतिसाद : अवश्य चालावे. या रूपात ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोन्ही गळून पडतात आणि हुकूम बाईंचा न राहता वर्गाच्या शिरस्त्याचा होतो. मात्र ‘चपला बाहेर काढायच्या’ हे मुलाला सांगता येते. पालकसभेला आलेल्या त्याच्या आजोबांना तेच सांगितले, तर ते उद्धट वाटते.

प्रतिसाद : बोलण्यातले सारेच छापायचे ठरवले, तर उद्या प्रश्नपत्रिकेत ‘जोड्या लावायच्या, रिकाम्या जागा भरायच्या’ असे येईल. प्रश्नपत्रिका एकेका मुलाच्या हाती पडते, तरीही ती त्याला ‘लिहा’ असेच म्हणते. छापील मराठीने मुलाला दिलेला हा मान घालवू नये.

प्रतिसाद : आमच्या वऱ्हाडातल्या गुरुजींकडे तिसरेच रूप होते : ‘उद्या पाढे पाठ करून येजो.’ ‘ये’ म्हणजे आत्ता, ‘येजो’ म्हणजे पुढे; प्रमाण मराठीला हा भेद एका शब्दात दाखवता येत नाही. पसायदानातल्या ‘भजिजो आदिपुरुखीं’मधला ‘जो’ तोच असावा, असे मला नेहमी वाटत आले आहे.

प्रतिसाद : नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभारू नये. ‘भजिजो’मध्ये समोरच्याला आज्ञा नाही, ते तिन्ही लोकांसाठी देवाकडे केलेले मागणे आहे. शिवाय मूळ प्रश्नातले ‘शांत रहा’ हे ‘शांत राहा’ असे हवे. धातू ‘राह’ आहे, ‘रह’ नव्हे.

प्रतिसाद : साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनी आज्ञार्थापुरती ‘राहा’ आणि ‘रहा’ या दोन्ही रूपांना मोकळीक दिली आहे. ‘पाहा’ आणि ‘पहा’ यांचेही तेच.

प्रतिसाद : मोकळीक असली, तरी शिक्षकांच्या पुस्तकात एकच रूप असावे.

प्रश्नकर्ती : ‘राहा’ करते. ‘काढायची’चे मात्र अजून ठरलेले नाही, आणि ‘सोमवारपर्यंत मजकूर द्यायचा’ असे संपादकांनी मला लेखी कळवले आहे.