बाबांना केअर सेंटरमध्ये ठेवतेय, गोळ्यांच्या यादीत काय लिहू?

कोथरूडची लेक:
सोमवारी बाबांना (वय 83) केअर सेंटरमध्ये न्यायचंय. फेब्रुवारीत बाथरूममध्ये पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून एकट्याने उठता येत नाही. मी नोकरीत, भाऊ दुबईत. सेंटरच्या फॉर्मवर ‘चालू औषधे’ असा रकाना आहे, म्हणून काल बाबांची पिशवी पलंगावर उलटी केली. सोनाराकडची जुनी रेक्झिनची पिशवी. त्यातून 11 पाकिटं निघाली, वर कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत अर्ध्या गोळ्यांचा खच. बीपीच्या गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांच्या, शुगरच्या फॅमिली डॉक्टरांच्या. झोपेची डिस्चार्जच्या वेळी 15 दिवसांसाठी दिलेली, चार महिने झाले तरी चालूच. सेंटरवाले म्हणतात, लिहून द्याल ते देऊ. सगळं उतरवून देऊ ना?

निवृत्त सिस्टर:
अगं थांब. 32 वर्षं वॉर्डात काढली, नंतर सहा अशाच एका सेंटरमध्ये. घरी कागदावर असतं ते सगळं पोटात जात नाही. सेंटरमध्ये जातं! मावशी पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभी राहते, गोळी गिळल्याशिवाय हलत नाही. आमच्याकडे एक आजोबा आले, पहिल्याच आठवड्यात शुगर उतरून 52, म्हणजे फारच कमी. घरी शुगरची गोळी आठवली तर घ्यायचे आणि वर लाडू. इथे गोळी वेळेवर आणि जेवण पथ्याचं, तेही अर्धं टाकायचे. तेव्हा आधी बाबांना विचार, खरंच काय काय घेतात. रागावू नकोस, नाहीतर खोटं सांगतील.
आणि पाकिटावरचं मोठं नाव सोड, खालचा बारीक कंटेंट, म्हणजे आतलं औषध, वाच.

मिरजकर:
+1. थायरॉईडची असेल तर वेळही लिहा. आमच्या आईला ती नाश्त्यानंतर कॅल्शियमसोबत द्यायचे. ती उपाशीपोटी हवी, कॅल्शियम चार तासांनी. टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढला म्हणून डोस वाढवायला निघाले होते, बोला!

कोथरूडची लेक:
भिंग घेऊन बसले. बीपीच्या टेल्मीसार्टनच्या गोळीत अ‍ॅम्लोडिपिन (तेही बीपीचंच) आहेच, आणि अ‍ॅम्लोडिपिनची वेगळी गोळीही आहे! पाय सुजतात म्हणून लघवीची गोळी, ती रात्री जेवल्यावर.

निवृत्त सिस्टर:
पाय सुजायचं कारण अ‍ॅम्लोडिपिनही असू शकतं, आणि त्या सुजेवर लघवीच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. रात्री दोनदा उठायचं, तेही झोपेच्या गोळीच्या गुंगीत. फेब्रुवारीत कधी पडले होते?
मनाने काही बंद करू नकोस. झोपेची तर एकदम तोडायची नाहीच, हळूहळू कमी करतात. अख्खी पिशवी घेऊन एकाच डॉक्टरांकडे बस, जमल्यास वयस्करांच्या. क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट ने. किडनी मंद असेल तर शुगरच्या काही गोळ्या अंगात रेंगाळतात.

कोथरूडची लेक:
पहाटे तीनला पडले होते. झोपेची गोळी नंतरची, पण लघवीची तेव्हाही होती.
शनिवारी डॉक्टरांकडे जाऊन आलो. 11 च्या 7 झाल्या. झोपेची दोन आठवडे अर्धी, मग पुन्हा दाखवायचं. बसून आणि उभं करून बीपी बघितलं, उभं राहिल्यावर बरंच खाली येतं. आणि ती डबी? बाबा म्हणाले, “पूर्ण घेतली की डोकं गरगरतं, म्हणून अर्धीच घेतो. उरलेली फेकायची कशी, पैसे पडतात.” दोन वर्षांचे अर्धे तुकडे आहेत, सिस्टर. त्यांनी कुण्णाला सांगितलं नव्हतं.