भूप रागातलं नवं स्तोत्र चार आवाजांत कसं बसवावं?

नगरची_पेटी:
आमच्या नगरच्या चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, आम्ही चौदा जण. ऑल्टो (बायकांचा खालचा आवाज) चार, टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) जेमतेम दोन. इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरं चार आवाजांत गातो आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे अभंग सगळे मिळून एकाच सुरात, पेटी-तबल्यावर. दोन्ही मला जिवापाड आवडतात. पण मराठी चाल आली की ऑल्टो-टेनरला स्वतःचं असं काहीच उरत नाही, हे मला फार वर्षं खटकतंय. टिळक 1919 साली गेले; त्यांनी लावलेलं झाड पुढे आपणच वाढवायचं ना?

म्हणून ईस्टरनंतरच्या उपासनेसाठी स्तोत्र 23 ला (‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’) भूपात चाल बांधली. सा पेटीच्या पांढरी एकवर, ताल केरवा. अडलं ते इथं: भूपात म नाही, नी नाही. पूर्ण कॉर्ड (एकत्र गायचे तीन जुळणारे सूर) दोनच निघतात, सा-ग-प आणि ध-सा-ग. बिचारे ऑल्टो सा आणि ग वरच घुटमळत बसतात. शेवटी नी घेतला तर ओळ छान बंद होते, पण भूप जातो. काय करू?

वसईची_ऑल्टो:
नी अजिबात घेऊ नका. तुम्ही कॉर्ड शोधताय, म्हणून अडलंय. भूपात अर्ध्या सुराचं अंतर कुठेच नाही, त्यामुळे दोन ओळी एकमेकींवर आल्या तरी कानाला टोचत नाहीत. तीच चाल ऑल्टोंना चार मात्रा उशिरा सुरू करू द्या. बासला (पुरुषांचा खालचा आवाज) खाली सा-प धरून ठेवायला सांगा, तानपुऱ्यासारखं. मी वीस वर्षं ऑल्टो गातेय. एकाच सुरावर उभं राहण्यापेक्षा मागून चाल पकडत जाण्यात जीव लागतो.

आम्ही कॅथलिक. 1963 च्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजात अनेक आवाजांचं गायन आणि त्या-त्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा, दोन्हींना उपासनेत जागा दिली आहे. म्हणजे दोन्हींतलं एक सोडायची गरज नाही.

जुना_बास:
ताई, पटलं. पण सगळे वेगवेगळ्या वेळी गायले की शब्द हरवतात आणि मागच्या बाकावरच्या आजींना स्तोत्र ऐकू येत नाही. पहिलं कडवं सगळ्यांनी एका सुरात गा, मग आवाज फोडा.

पेटीवाले, ‘मेंढपाळ’ कसा बांधलाय?

नगरची_पेटी:
में-ढ-पाळ, तीन सूर. ढ वर दोन मात्रा.

जुना_बास:
तिथंच चुकतंय. बोलताना आपण ‘मेंढ्‌पाळ’ म्हणतो. ढ ताणला की ‘मेंढापाळ’ ऐकू येतं. ढ ला पाव मात्रा द्या, पुढच्या सुराला चिकटवून, लांबी ‘पा’ला. भाषांतरित स्तोत्रांत परक्या चालीपायी हे सोसावं लागतं. चाल तुमचीच आहे, मग का सोसायचं?

नगरची_पेटी:
शुक्रवारच्या सरावात करून बघितलं. पेटी बंद ठेवली, मोबाइलवर फक्त तानपुरा. बास सा-प वर. ऑल्टो पहिल्यांदा चार मात्रांऐवजी तीनवरच घुसले, मग मी टाळी धरली. तिसऱ्या वेळी सोप्रानोंचा (बायकांचा वरचा आवाज) वरचा ग आणि ऑल्टोंचा प एकाच मात्रेवर आले, आणि आमचा टेनर गायचा थांबून नुसता ऐकत राहिला. ‘पा’ लांब केला आहे. शेवटची ओळ नीशिवाय, ध वरून सा वर बंद केली.

आता टेनरची ओळ लिहायला बसतोय. दोघंच आहेत, तेव्हा त्यांना ऑल्टोंच्या मागून आणू की बासबरोबर ठेवू?