रूट कॅनालनंतर पांढरा रस्सा द्यावा की नाही? घरात दोन तट पडलेत

पेठेतली सून
मंगळवारी संध्याकाळी आमच्या मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनाल सुरू झालं. वय ६८, शुगरची गोळी चालू. डॉक्टरांनी आत सिमेंट भरून दिलं आणि सांगितलं, बधिरपणा जाईपर्यंत खाऊ नका, त्या बाजूनं चावू नका, पुढच्या मंगळवारी या. बाकीचं पथ्य घरी आल्यावर आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, लावलं. दही नाही, ताक नाही, लिंबू नाही, कारण आंबटानं पू होतो. वांगं, बटाटा वातूळ. गरम काहीच नाही. दोन दिवस नुसती साबुदाण्याची पेज आणि गार दूध.

काल सकाळी मामांनी नेहमीची गोळी घेतली आणि वर पेलाभर दूध पिऊन पेपर वाचत बसले. अकराच्या सुमाराला मी बाहेरच्या खोलीत आले तर पेपर मांडीवरून घसरलेला, सदरा घामानं पाठीला चिकटलेला आणि हात थरथरत होते. मशीनवर शुगर ५८. चार चमचे साखर पाण्यात घोळून पाजली, पंधरा मिनिटांनी माणूस बोलायला लागला. आत्या तेवढा वेळ त्यांचे पाय चोळत बसल्या होत्या, त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण हे पथ्य चुकीचं आहे असं माझं स्पष्ट मत झालंय. दाढ दुखते म्हणून पोट उपाशी ठेवायचं नसतं. रविवारी घरात मटण आहे. मामांना कोमट पांढरा रस्सा आणि मऊ भात द्यायचा असं मी म्हणते, आत्या नको म्हणतात. तुमचं काय म्हणणं?

कागलची लेक
तुमच्या मामांना त्रास झाला ते वाचून वाईट वाटलं. पण सगळा दोष आत्यांच्या माथी मारू नका. माझ्या थोरल्या दिरांचं रूट कॅनाल झालं तेव्हा घरातलं कुणी सोबत नव्हतं. दवाखान्यातून निघाले ते थेट मिसळ खायला बसले. गाल बधिर, कट उकळता. आतून गाल भाजला आणि पावाच्या घासाबरोबर तोच गाल दाढेखाली आला, तरी कळलं नाही. रात्री आरशात बघितलं तर नखाएवढा मांसाचा तुकडा लोंबत होता. आठ दिवस पाणी पितानासुद्धा डोळ्यांत पाणी यायचं. जुन्या बायका गरम नको, तिखट नको म्हणतात ते असलं बघूनच. आणि मटण? आठवडाभर नाही खाल्लं तर काय बिघडतं? मी आत्यांच्या बाजूची आहे.

दातांचा डॉक्टर, शाहूपुरी
अठरा वर्षं दाढा बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडे दोन वेगळी पथ्यं एकात मिसळली आहेत. दाढ काढली तर तिथं खड्डा राहतो आणि त्यात रक्ताची गुठळी बसते. ती गुठळी टिकली तर जखम भरते. म्हणून पहिला दिवस गरम नको, जोरात चूळ नको, थुंकू नका, स्ट्रॉनं ओढू नका, आइसक्रीम चालेल, हे सगळं सांगतात. रूट कॅनालमध्ये दाढ जागेवरच असते. तिच्या मुळातली सडलेली नस काढून पोकळी धुतात, पुढे तिथं रबरासारखा मसाला भरतात. तिथं जपायला गुठळी नाही. त्यामुळे गार दुधावर ठेवायची गरज नाही.

मग जपायचं काय? पहिलं, बधिर गाल. खालच्या दाढेचं इंजेक्शन उतरायला तीन-चार तास जातात. तोवर चहासुद्धा नको. कागलच्या ताईंच्या दिरांचं झालं ते यामुळेच, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. दुसरं, वरचं तात्पुरतं सिमेंट. लवंगेचा वास येतो ना, तेच. ते काही आठवड्यांपुरतं असतं आणि गूळ, चिक्की, काकवीत घोळलेली लाही असल्या चिकट वस्तूंनी उपसून येतं. ते निघालं की लाळेतले जंतू धुतलेल्या मुळात परत शिरतात, सगळी मेहनत वाया. तिसरं, मुळाभोवतीचा सुजलेला पडदा. दोन-तीन दिवस, कधी आठवडाभर, दाढेवर दाब पडला की ठणका बसतो. म्हणून दुसऱ्या बाजूनं चावायचं.

आंबटानं पू होत नाही. पू जंतूंमुळे होतो, आणि बऱ्याचदा ते जंतू आधीच नसेपर्यंत पोचलेले असतात, म्हणून तर रूट कॅनाल करावं लागतं. दही-भात, ताकातल्या कण्या, नाचणीची आंबील खुशाल द्या. साबुदाणा मात्र शुगरच्या माणसाला नको, तो जवळजवळ नुसता स्टार्च. मुगाचं वरण आणि गुरगुट्या भात, दुधात कुस्करलेली भाकरी, उकडलेलं अंडं द्या. दुखण्याची गोळी रिकाम्या पोटी कधीच नको. शुगरची गोळी घेतली की जेवण झालंच पाहिजे, आणि खाणंच कमी होणार असेल तर गोळीचं शुगरच्या डॉक्टरांना आधी विचारा.

भडंगवाला
डॉक्टर, तुम्ही पण फार भीती घालता. माझ्या दाढेचं झालं, दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंनी भडंग खाल्लं, काही झालं नाही. नसच काढल्यावर दाढेला काय कळणार? पैसे भरून दाढ वाचवायची ती खाण्यासाठीच ना? तांबडा, पांढरा, सगळं चालतं. आजोबांनाही द्या.

राजारामपुरी, सातवी गल्ली
भडंगवाले दादा, मी पण असंच बोलायचो. रूट कॅनाल झालं, दुखायचं थांबलं, कॅप बसवायला परत गेलो नाही. मला कॅप का लागते हे कुणी नीट बसवून सांगितलंच नाही, फक्त खर्चाचा आकडा सांगितला. पुढच्या खर्चाला हात आखडला. सात महिन्यांनी रंकाळ्यावर बसून भाजलेल्या शेंगा खात होतो. कट्‌ असा आवाज आला. मला वाटलं दाण्यात खडा आला. तळहातावर काढलं तर दाढेचा अर्धा भाग, आतून करडा, कडेला गुलाबी सिमेंटचा ठिपका. दुखलं अजिबात नाही, तेच वाईट. दाढ उभी चिरली होती, मुळापर्यंत. काढावी लागली. दाढेला कळत नाही म्हणून तर जास्त जपायचं.

दातांचा डॉक्टर, शाहूपुरी
वरचा अनुभव मी दर महिन्याला बघतो. कीड आणि औजार मिळून दाढेचा मधला भाग पोखरलेला असतो, भिंती पातळ उरतात. चावताना सगळ्यात जास्त जोर मागच्या दाढांवर येतो. म्हणून त्यांना कॅप लागतेच. तोवर ऊस दातानं सोलणं, सुपारी, फुटाणे, बर्फ फोडणं बंद. कॅपचं कारण रुग्णाला समजेपर्यंत सांगणं हे आमचं काम आहे, आणि ते होत नाही हे मी मान्य करतो.

तिखटाबद्दल मात्र भडंगवाल्यांशी माझा वाद आहे. तिखट मुळापर्यंत पोचत नाही हे खरं. पण काम करताना लाळ आत येऊ नये म्हणून दाढेभोवती रबराचा पडदा लावतात, त्याच्या क्लिपनं हिरडी खरचटते, त्यावर कांदा-लसूण मसाला पडला की आग होते. दोन-तीन दिवस थांबलात तर बरं. आणि मशेरी, तंबाखू बंद, त्यानं हिरडी भरायला वेळ लागतो. मेट्रोनिडॅझोलची, म्हणजे जंतू मारायची, गोळी दिली असेल तर दारू अजिबात नाही.

कागलची लेक
दह्याचं पटलं. माझ्या सासूबाईंनी मला बाळंतपणापासून आंबट नको असंच सांगितलं होतं, त्यानं पू होत नाही हे आज कळलं. पण मटणाला माझा विरोध कायम. धागा अडकतो. दातांच्या फटीत मटणाचा धागा अडकला की माणूस काडी घेऊन टोकरत बसतो, आणि ६८ वर्षांचा माणूस तर हमखास.

दातांचा डॉक्टर, शाहूपुरी
फोडींबद्दल तुम्ही बरोबर आहात. फोडी नकोत. रस्सा चालेल. पांढऱ्या रश्शात अळणी पाणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, नारळाचं दूध, तीळ-खसखस-काजूचं बारीक वाटण, मिरे-दालचिनी. चावायचं काही नाही. कोमट द्या. पण नुसत्या रश्शात फार ताकद असते असं समजू नका, सोबत अंडं किंवा वरण हवंच. जेवणानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हलकी चूळ. सूज वाढली, ताप आला, गिळायला त्रास झाला किंवा सिमेंट निघालं तर मंगळवारची वाट बघू नका.

पेठेतली सून
रविवार रात्र. आत्यांना ही सगळी चर्चा वाचून दाखवली. गुठळीचं ऐकून त्या म्हणाल्या, "माझ्या आईची दाढ काढली होती, तवाचं पथ्य हाय हे." मग उठल्या, अळणी गाळून घेतलं, रस्सा स्वतः केला, मिरे कमी टाकले. वाटीत ओतून करंगळी बुडवून बघितली, परत थोडा वेळ ठेवली. मामांनी दोन वाट्या रस्सा, भात आणि एक अंडं उजव्या बाजूनं खाल्लं. जेवणानंतर दोन तासांनी शुगर १४२. फोडी कुणी वाढल्या नाहीत.

कागलची लेक
बरं केलंत. तांबडा मात्र मंगळवारपर्यंत झाकूनच ठेवा. आणि कॅपची तारीख त्याच दिवशी घेऊन या, मामा टाळतील.