पॅकर्सची टायटलं नक्की किती, तेरा का चार?

मिलवॉकीकर (धागाकर्ता)
सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलची मोठी फायनल) जवळ आली की टीव्हीवर कोणी ती किती वेळा जिंकली याची तीच यादी लागते, पेट्रियट्स ६, स्टीलर्स ६, आणि आमचे ग्रीन बे पॅकर्स कुठेतरी खाली ४ वर. अरे पण एनएफएल ही लीग १९२० ची आहे आणि सुपर बोल जानेवारी १९६७ पासूनची, मग आधीची साडेचार दशकं लोकं काय मैदानात भाजी विकत होती का? १९२९, ३०, ३१, ३६, ३९, ४४, ६१, ६२, ६५ ही नऊ आणि १९६६, ६७, ९६, २०१० च्या सीझनच्या चार सुपर बोल. झाली तेरा. दुसऱ्या नंबरवर शिकागो बेअर्स ९. आणि हे सगळं लाखभर वस्तीच्या गावाने केलंय, ज्या टीमला मालकच नाही, पाच लाखांच्या वर शेअरहोल्डर आहेत (मीपण, डिव्हिडंड शून्य, शेअर विकताही येत नाही, फ्रेम मात्र छान दिसते). तर माझं म्हणणं एकच, टायटल हे टायटल. बोला.

पिट्सबर्गवाला
बोलतो की. तुमच्या पहिल्या तीन टायटलांना फायनल मॅचच नव्हती राव! सीझन संपला की विजयांची टक्केवारी काढायची आणि वरच्याला चॅम्पियन म्हणायचं. प्रत्येक टीम वेगवेगळ्या संख्येने मॅच खेळायची, १९३० ला पॅकर्स १०-३-१ (विजय-हार-टाय, म्हणजे बरोबरी) आणि जायंट्स १३-४, म्हणजे जायंट्स तीन मॅच जास्त जिंकून दुसरे. आणि १९३१ चं तर बोलूच नका. पोर्ट्समथ स्पार्टन्स एक मॅच मागे होते, शेवटी दोघांची मॅच ठरत होती, ती पॅकर्सनी खेळायला नकार दिला आणि घरी बसून चॅम्पियन झाले. याला तुम्ही टायटल म्हणता?

मिलवॉकीकर
ती मॅच शेड्यूलमध्ये पक्की नव्हतीच, 'जमल्यास खेळू' अशी होती, लीगचे प्रेसिडेंट जो कार यांनीच पॅकर्सची बाजू घेतली. आणि १९२९ ला काय खोट काढणार? १२ विजय, १ टाय, हार शून्य. फायनल असती तरी कोणाविरुद्ध हरणार होते?

वऱ्हाडी_क्वार्टरबॅक
फायनल नव्हती हा मुद्दा मला तेवढा पटत नाही, आपल्या नेहमीच्या फुटबॉलच्या (सॉकरच्या) कितीतरी लीग आजही पॉइंटवरच ठरतात. माझा प्रश्न वेगळा आहे. १९३४ ते १९४५ एनएफएलमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता, कागदावर नियम नव्हता पण सगळ्या मालकांचं गुपचूप ठरलेलं होतं. मग ३६, ३९, ४४ ही टायटलं अर्धा देश बाहेर ठेवून जिंकलेली नाहीत का? त्यात १९४४ म्हणजे ऐन महायुद्ध, खेळाडू इतके कमी की पिट्सबर्ग आणि शिकागो कार्डिनल्स यांनी एकत्र टीम केली, ती १० पैकी १० हरली. अशा लीगमध्ये जिंकणं आणि आज ३२ टीम, सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगारावर मर्यादा) हे सगळं असताना जिंकणं एकाच रांगेत कसं ठेवायचं?

मिलवॉकीकर
मान्य, पण मग त्या वर्षांतली सगळ्यांचीच टायटलं बाद करा. बेअर्सची १९४०, ४१, ४३ पण गेली. १९४० च्या फायनलला त्यांनी वॉशिंग्टनला ७३-० ने धुतलं ते आजपर्यंत सगळेजण सांगतात, ते पण पुसायचं का? फक्त पॅकर्सलाच चाळणी लावू नका एवढंच.

वऱ्हाडी_क्वार्टरबॅक
पुसा कोण म्हणतंय. वेगळं मोजा म्हणतोय.

दादरचा_बंड्या
मला या खेळातलं फार कळत नाही, मुलगा बघतो म्हणून बसतो. पण मुंबईने १९५८-५९ पासून सलग १५ वेळा रणजी जिंकली ती कोणी वेगळी मोजतं का हो? ४२ म्हणजे ४२.

पिट्सबर्गवाला
बंड्याकाका, रणजी तेव्हाही रणजीच होती आणि आजही रणजीच आहे, मधे दुसरी मोठी स्पर्धा आली नाही. इथे १९६० ला एएफएल नावाची दुसरी अख्खी लीग उभी राहिली. ६१, ६२, ६५ ला पॅकर्स एनएफएल चॅम्पियन, पण एएफएल चॅम्पियनशी खेळलेच नाहीत. मग देशाचे चॅम्पियन कसे?

मिलवॉकीकर
कारण दोन्ही लीगचे चॅम्पियन सुपर बोलमध्ये पहिल्यांदा भेटले तेव्हा काय झालं ते जगाने बघितलं. पहिली सुपर बोल एएफएलच्या चीफ्सना ३५-१० ने हरवून, दुसरी रेडर्सना ३३-१४ ने. लोम्बार्डीचे पॅकर्स ते, सात वर्षांत पाच टायटलं! ६५-६६-६७ सलग तीन. चीफ्सना परवा परवा ही हॅटट्रिक करायची होती, फेब्रुवारी २०२५ ला ईगल्सनी ४०-२२ ने पाठवलं घरी. सुपर बोलच्या ज्या ट्रॉफीवरून तुम्ही आम्हाला ४ वर मोजता ती लोम्बार्डी ट्रॉफी, आमच्याच कोचच्या नावाची. आणि आमची सगळ्यात गाजलेली मॅच सुपर बोल नाहीच, ती ३१ डिसेंबर १९६७ ची एनएफएल फायनल, काउबॉइजविरुद्ध, उणे २५ सेल्सियस, मैदानाखालची हीटिंग बंद पडलेली, पंचांच्या शिट्ट्या ओठांना चिकटत होत्या, १६ सेकंद उरलेली आणि आमचा क्वार्टरबॅक (पास फेकून खेळ चालवणारा) बार्ट स्टार स्वतःच बॉल घेऊन घुसला, २१-१७. ही मॅच तुमच्या हिशोबात नुसती सेमीफायनल!

पर्पलवाली_ताई
हो, सेमीफायनलच. कारण हाच न्याय लावायचा तर आमच्या मिनेसोटा व्हायकिंग्सनी १९६९ ची एनएफएल चॅम्पियनशिप जिंकलीय, तुमच्या ६१-६२ सारखीच, तीच लीग, तीच फायनल. पण पुढे सुपर बोलमध्ये चीफ्सकडून २३-७ हरलो, तर आमच्या नावावर एकही टायटल धरत नाहीत. आधीच्या वर्षी कोल्ट्सचं तेच, एनएफएल जिंकली आणि जेट्सकडून १६-७ हरले. म्हणजे दुसरी लीग हरवू शकते हे दोनदा सिद्ध झालं. पॅकर्सची ६५ ची फायनल टायटल आणि आमची ६९ ची म्हणजे काहीच नाही, हे कुठलं गणित दादा?

मिलवॉकीकर
ताई, सुपर बोल असलेल्या वर्षी शेवटची मॅच जिंकणारा चॅम्पियन, नसलेल्या वर्षी लीगची फायनल जिंकणारा. साधं आहे. तुम्ही शेवटची हरलात.

पर्पलवाली_ताई
आणि शेवटची मॅच झालीच नाही तर? १९६५ ला झालीच नाही ना. तेव्हा बफेलो बिल्स एएफएल चॅम्पियन होते. तुम्ही न खेळता जिंकलात.

कुंपणावर_बसलेला
मी स्वतः पॅकर्सवाला, तरी खरं बोलतो. तेराचा आकडा आपण इतक्या जोरात ओरडतो कारण आजचं सांगायला फार काही नाही. १९६७ नंतर १९९६ पर्यंत काही नाही. मग फार्व्ह आणि लगेच रॉजर्स, तीसेक वर्षं एका टीमला असे दोन क्वार्टरबॅक पाठोपाठ मिळणं म्हणजे लॉटरी, आणि हातात सुपर बोल किती? दोन. रॉजर्स स्टार्टर असताना एनएफसी फायनल (सुपर बोलच्या आधीची मॅच) पाच खेळलो, चार हरलो. जानेवारी २०१५ ची सिएटलची तर आठवली तरी जेवण जात नाही, १९-७ पुढे, काही मिनिटं बाकी, त्यांची ऑनसाइड किक (बॉल परत मिळवायला मारतात ती छोटी किक) आमच्या हातातून सुटली आणि ओव्हरटाइममध्ये २८-२२. १९२९ मोजल्याने ती भरून येत नाही.

मिलवॉकीकर
अरे तू कुणाच्या बाजूने आहेस?

पिट्सबर्गवाला
😂 या माणसाला बिअर माझ्याकडून. धागाकर्ते, निदान १९३१ तरी सोडा, मॅच टाळून मिळवलेलं टायटल कशाला मिरवता.

मिलवॉकीकर
सोडतो. पण मग १९३२ द्या. त्या वर्षी टाय झालेल्या मॅच टक्केवारीत धरायचेच नाहीत. पॅकर्स १०-३-१, बेअर्स आणि पोर्ट्समथ दोघं ६-१, बेअर्सच्या सहा आणि पोर्ट्समथच्या चार मॅच टाय! दहा मॅच जिंकणारे आम्ही तिसरे, आणि त्या दोघांची ज्यादाची मॅच शिकागोत छपराखाली खेळवून बेअर्सना चॅम्पियन केलं, ९-०. आजच्यासारखी टाय अर्धा विजय धरा आणि करा हिशोब, आम्ही ७५ टक्के, पोर्ट्समथ ७२.७, बेअर्स ६९.२. म्हणजे ३१ गेलं, ३२ आलं.

तेराच.